धोंडू काच का खरवडतो?

ताई, नमस्कार. आम्ही इंग्लंडमध्ये रेडिंगला भाड्याच्या घरात राहतो, मागे छोटी बाग आहे. गेल्या दिवाळीत नऊ वर्षांच्या मुलीच्या हट्टापायी हर्मन्स जातीचं कासव घेतलं. ते चार वर्षांचं आहे, तळहातावर मावतं. नाव धोंडू. तीन फूट बाय दीड फुटाची काचेची टाकी, तळाला दुकानदाराने दिलेल्या लाकडी गोळ्या, प्लास्टिकचं एक झाड, पाण्याची वाटी, झोपायला छोटं घर, वर दिवा. दर रविवारी टाकी रिकामी करून धुतो. पण सकाळी दिवा लागला की धोंडू उजव्या कोपऱ्यात जातो आणि मागच्या पायांवर उभा राहून काच खरवडत बसतो. मी मीटिंगमध्ये असते तेव्हाही मागून खर्र खर्र चालूच. सासूबाई नाशिकहून आल्या आहेत, त्या म्हणतात, एकटा आहे बिचारा, त्याला जोडीदार आणा. मुलीने चेंडू ढकलणाऱ्या कासवाचा व्हिडिओ पाहिलाय, तिला त्याच्यासाठी खेळणी हवी आहेत. त्याला कंटाळा येतो का? आम्ही काय बदलू?
– धोंडूची आई

प्रिय धोंडूच्या आई,

तो आवाज तुमच्या मनाला लागला आणि तुम्ही पत्र लिहिलंत, याचं मला फार बरं वाटलं. पुष्कळ घरांत तो आवाज ऐकून "बघा कशी मस्ती चाललीय" म्हणतात. ती मस्ती नाही. धोंडूला पलीकडे जायचं आहे. काच ही भिंत आहे हे त्याला उमगत नाही. समोर खोली दिसते, सोफ्याखालची सावली दिसते, तुम्ही दिसता, आणि पाय मात्र पुढे जात नाहीत. रानात अशी वस्तू त्याच्या वाटेत कधी येत नाही, म्हणून तो रोज नव्याने प्रयत्न करतो.

बॉक्स टर्टल या जातीच्या कासवांवर अमेरिकेत झालेला एक अभ्यास २००५ साली प्रसिद्ध झाला. काही कासवांना रिकाम्या, नुसता कागद अंथरलेल्या खोक्यात ठेवलं, काहींना खाली सालपटांचा थर आणि लपायला जागा दिली. रिकाम्या खोक्यातली कासवं बाहेर पडण्याच्या धडपडीत जास्त वेळ घालवत होती, आणि निवड करायची मुभा दिली तेव्हा त्यांनी भरलेली बाजू पसंत केली. तुमच्या टाकीत तेच घडतंय. कंटाळा हा शब्द त्याला लावावा की नाही मी सांगणार नाही, पण त्याला करण्यासारखं काही तिथे नाही, हे नक्की.

आज रात्रीच एक करा. टाकीच्या चारी बाजूंना बाहेरून तपकिरी कागद किंवा पुठ्ठा लावा, तो उभा राहिल्यावरही डोकं वर निघणार नाही इतक्या उंचीपर्यंत. तेवढ्याने खरवडणं कमी होईल. थांबेल असं मात्र नाही, कारण खरं काम आतल्या जमिनीचं आहे.

आधी सासूबाईंच्या म्हणण्याबद्दल. त्यांना त्याची दया येते, ती खरी आहे. पण हर्मन्स कासवं कळपाने राहणारी नाहीत. रानात त्यांच्या वाटा एकमेकांना ओलांडतात आणि मग ज्याची त्याची वाट वेगळी होते. छोट्या जागेत दोघं आली की एक दुसऱ्याला दाबतो: पायांना चावे, कवचावर धडका, दिव्याखालच्या जागेवरून हुसकावणं. पुष्कळदा यातलं काही दिसतसुद्धा नाही, नुसतं एक कासव वाढायचं थांबतं. माझ्याकडे दोन आहेत आणि दोन वेगळ्या वाफ्यांत आहेत. चेंडूचंही तसंच. नर कासव प्रतिस्पर्ध्याला कवचाने ढकलतं, आणि त्या व्हिडिओतली ढकलाढकल मला त्याच्याच जवळची वाटते. मुलीला सांगा, खेळण्यांचे पैसे मातीवर आणि बियांवर घालू. तिला काम भरपूर मिळणार आहे.

आता धोंडूचं मूळ गाव डोळ्यांसमोर आणा. हर्मन्स कासवं भूमध्य समुद्राच्या उत्तर किनाऱ्याची: स्पेनचा कॅटलोनिया, दक्षिण फ्रान्स, इटली, पुढे क्रोएशिया, अल्बानिया, ग्रीस. गुडघाभर काटेरी झुडपं, रोझमेरी नि लॅव्हेंडर, सदाहरित ओकची खुरटी झाडं, मध्येच गवताचे तुकडे, दगडगोटे आणि उतार. कासव सकाळी झुडपाखालून निघतं, तिरप्या उन्हात अंग तापवतं, मग चालत चालत एका रोपाचं पान, दुसऱ्याचं फूल असं चरत जातं. दुपारी उन्हाचा कडाका झाला की पुन्हा सावलीत मातीत शिरतं. त्याच्या दिवसाचा बराचसा भाग एक जागा सोडून दुसरी गाठण्यात जातो. तीन फुटांच्या सपाट तळावर गाठायला दुसरी जागाच नाही.

म्हणून टाकी बदलावीच लागेल. वरून उघडी लाकडी पेटी घ्या किंवा बनवून घ्या, निदान चार फूट बाय दोन फूट. सहा बाय तीन जमलं तर फारच छान. आतून तळ्याला घालतात तसलं जाड प्लास्टिक अंथरा, म्हणजे लाकूड कुजणार नाही आणि घरमालकाची जमीन ओली होणार नाही. जुन्या पुस्तकांच्या कपाटाचं पाठीवर आडवं केलेलं खोकंही चालतं, फळ्या काढून. पेटी टेबलावर ठेवू नका. चार बाय दोनच्या पेटीत मी सांगते तेवढी माती घातलीत की शंभर किलोच्या वर वजन होतं. ती जमिनीवरच शोभते.

मातीबद्दल मी जरा जास्त बोलणार आहे, कारण सगळं तिच्यावर उभं आहे. त्या लाकडी गोळ्या काढून टाका. त्या ओलावा शोषून घेतात, पायाखाली गोट्यांसारख्या घरंगळतात, आणि त्यांत ना खणता येतं ना पुरून घेता येतं. गार्डन सेंटरमधून साधी टॉपसॉइल आणा, खत किंवा पांढरे दाणे न मिसळलेली, आणि मुलांच्या खेळाची धुतलेली वाळू. तीन वाटे माती, दोन वाटे वाळू. मूठ आवळली तर गोळा व्हावा आणि बोटाने टोचला तर फुटावा, इतपत ओल ठेवा. थाळीपिठाचं पीठ हाताला कळतं तसं हेही दोन-तीन वेळांत कळतं. एका टोकाला वीस सेंटिमीटर, दुसऱ्या टोकाला सात-आठ, असा उतार करून घाला. पाणी वरून शिंपडू नका, कोपऱ्यांत ओता. खालचा थर ओलसर राहतो आणि वरचा कोरडा, तसाच हवा.

ही ओल केवळ आरामासाठी नाही. कासवांच्या कवचावर उंचवटे, टेकाडं उठलेली तुम्ही पाहिली असतील. पूर्वी सगळे त्याचा दोष जास्त प्रथिनांना द्यायचे. व्हिएन्नातल्या पशुवैद्यकांनी आफ्रिकन जातीच्या पिल्लांवर केलेला अभ्यास २००३ मध्ये आला आणि त्यात आहारापेक्षा कोरड्या हवेचा वाटा मोठा दिसला. चार वर्षांचं कासव अजून वाढतंय. त्याला रात्री ओलसर मातीत शिरून झोपता आलं पाहिजे.

आणि ते शिरणं बघण्यासारखं असतं. संध्याकाळी दिवा बंद झाला की तो कोपऱ्यात जाऊन आधी नाक टेकवतो. मग पुढचा एक पाय बाहेरच्या बाजूला ओढतो, पोहल्यासारखा, मग दुसरा. दर ओढीला डोकं थोडं आत जातं, माती कवचावर चढत जाते, आणि दहा-पंधरा मिनिटांनी वर फक्त एक पिवळट तुकडा दिसतो. मुलीला त्या वेळी दिवा न लावता शेजारी बसू द्या.

उतार आणि दगड. रेडिंगपासून तासाभराच्या अंतरावर सेलबोर्न नावाचं गाव आहे. तिथे अठराव्या शतकात गिल्बर्ट व्हाइट या पाद्र्याकडे टिमथी नावाचं कासव होतं. आधी ते ससेक्समध्ये त्याच्या आत्याकडे होतं, १७८० साली त्याने ते घरी आणलं. व्हाइटने एक गोष्ट टिपून ठेवली: शरद ऋतूतलं ऊन मंद झालं की टिमथी फळझाडांच्या भिंतीपाशी जाऊन कवच तिला तिरकं टेकवतो, म्हणजे उन्हाचा जास्तीत जास्त भाग अंगावर येतो. हवामान साथ देत नसताना कासव आपली सोय कशी लावतं, हे यात आहे. (टिमथी मादी निघाली, ते तिच्या मरणानंतर कळलं. कवच लंडनच्या नॅचरल हिस्ट्री म्युझियममध्ये आहे.) धोंडूला असं टेकायला काहीतरी द्या. दिव्याखाली एक रुंद, सपाट स्लेटची लादी ठेवा, तिच्या बाजूला मातीचा बांध. लादी तापते, खाली पोटालाही ऊब देते, आणि खडबडीत असल्यामुळे नखं झिजवते. मातीची एक मोठी कुंडी आडवी करून अर्धी पुरा, ती त्याची गुहा. दुसऱ्या टोकाला एक अर्धगोल कौल. मध्ये दोन-तीन जाड फांद्या, ज्यांना वळसा घालावा लागेल किंवा ज्यांच्यावरून पोट घासत जावं लागेल. सरळ रेषेत एका टोकापासून दुसरं टोक दिसू नये, असं बघा.

इथे मला एक सांगायलाच हवं. पहिल्या वर्षी मी दगडांची सुंदर रास रचली होती, दिव्याच्या अगदी खाली. एक दिवस दुपारी लवकर घरी आले आणि माझं कासव त्या राशीशेजारी पाठीवर उलटं पडलेलं, दिवा थेट पोटावर, पाय हवेत संथपणे हलत होते. कासवाची फुप्फुसं कवचाच्या छताला असतात. उलटं पडलं की बाकीच्या अवयवांचा भार त्यांच्यावर येतो, वर ती उष्णता. आणखी तासाभराने काय झालं असतं, हा विचार अजून माझी पाठ सोडत नाही. तेव्हापासून नियम: दिव्याखालचा पृष्ठभाग सपाट, कुठलीही चढण त्याच्या कवचाच्या उंचीपेक्षा कमी, आणि प्रत्येक दगड मातीत निम्मा गाडलेला, म्हणजे तो खालून खणायला लागला तरी कोसळणार नाही.

दिव्यांबद्दल थोडक्यात. तुम्ही 'वर दिवा' एवढंच लिहिलंय. लादीच्या पृष्ठभागावर ३२ ते ३५ अंश सेल्सिअस यायला हवं आणि दुसऱ्या टोकाला २० ते २२. थर्मामीटरने मोजा, हाताने नाही. यूव्हीबीची, म्हणजे उन्हातले अतिनील किरण देणारी, वेगळी टी-५ ट्यूब हवी, बनवणाऱ्याने सांगितलेल्या उंचीवर, आणि ती वर्षाने बदलायची, प्रकाश दिसत असला तरी. तिच्याशिवाय ड जीवनसत्त्व नाही, त्याच्याशिवाय कॅल्शियम अंगी लागत नाही, आणि कवच मऊ पडतं. खिडकीतून येणारं ऊन यात धरू नका, काच यूव्हीबी अडवते. रात्री सगळं बंद.

आता मुलीच्या वाट्याचं काम. प्लास्टिकचं झाड काढा, त्याचा तुकडा पोटात गेला तर पंचाईत. त्याऐवजी खिडकीत दोन पसरट ट्रे ठेवा आणि दोन्हींत डँडेलियन, प्लँटेन, मॅलो यांचं बी टाका. डँडेलियन हे आपल्याकडच्या पाथरीच्या कुळातलं, आणि प्लँटेन तर इसबगोलाचं सख्खं भावंड. चार-सहा आठवड्यांत पाती वर आली की एक ट्रे पेटीत मातीच्या पातळीला पुरायचा. तो फस्त झाला की बाहेर काढून दुसरा आत. पहिला खिडकीत पुन्हा फुटतो.

बशीतली चिरलेली पानं आणि मातीत रुजलेलं पान यांत केवढा फरक आहे, ते एकदा जवळून बघा. बशी तो पाच मिनिटांत संपवतो आणि कोपऱ्यात जातो. रुजलेल्या पानापाशी तो आधी थांबतो, मान लांब करून वास घेतो, तोंड उघडतो आणि नेम चुकतो. पुन्हा. मग पान जबड्याच्या कडेत धरून मान झटक्याने मागे घेतो. पान तुटत नाही, नुसतं ताणलं जातं. मग तो पुढचा पाय त्याच्यावर रोवतो आणि पुन्हा ओढतो, आणि ते टरकन फाटतं. एका रोपावर अर्धा तास जातो. मान, पाय, नाक, डोळे सगळं कामाला लागलेलं असतं. याच्यापुढे कुठलं खेळणं द्याल? रोप नसेल त्या दिवशी पानं बशीत न देता पेटीभर विखरा, दोन दगडाखाली दाबून ठेवा, एखादी काडी मातीत खोचून तिला जास्वंदीचं फूल अडकवा.

कायमची झुडपं म्हणून रोझमेरी, थाइम, लॅव्हेंडर लावा. ती तो फारशी खात नाही, पण त्यांच्या आडून जाताना अंगाला घासतात, वास सुटतो, सावली पडते. दुकानातून आणलेल्या रोपांवर औषध मारलेलं असतं, म्हणून कुंडी बदलून महिनाभर बाहेर ठेवा आणि मगच आत घाला. काय चालत नाही हे लक्षात ठेवायला मी आमच्या घरातल्या मुलांना सांगते: गणपतीला वाहतो ती जास्वंद धोंडूला चालते, शंकराला वाहतो ती कण्हेर चालत नाही. इकडच्या बागांतले डॅफोडिल, फॉक्सग्लव्ह, बटरकप, ऱ्होडोडेंड्रॉन हेही विषारी. कॅल्शियमसाठी समुद्रफेसाचा तुकडा पेटीत पडू द्या, पाळीव पक्ष्यांच्या दुकानात मिळतो. पाण्याची वाटी काढून कुंडीखालची पसरट बशी मातीत बुडवून ठेवा, म्हणजे त्याला चालत आत जाऊन बसता येईल.

सासूबाईंना प्रेमाने दोन गोष्टी सांगा. एक, त्याला पोळी, वरणभात, दही, फळाची फोड काही नाही. त्याच्या आतड्यांत चाऱ्यावर जगणारे सूक्ष्मजीव आहेत, पिठाने आणि साखरेने ते बिघडतात. पालकही रोज नको, तो कॅल्शियम अडवून धरतो. दोन, आपण मराठीत पाण्यातल्या आणि जमिनीवरच्या दोघांनाही कासवच म्हणतो, म्हणून टबात सोडायचा मोह होतो. धोंडू जमिनीवरचा आहे, त्याला पोहता येत नाही. कोमट पाण्यात हनुवटीपर्यंत, पंधरा मिनिटं, कुणीतरी समोर बसून, आठवड्यातून दोनदा. हे काम त्यांच्याकडेच द्या. कासवी पिल्लांना नुसत्या नजरेने वाढवते असं आपले संत सांगून गेलेत, इथे तशी नजर लागणारच आहे.

एक सावधगिरी. उत्साहाच्या भरात दर आठवड्याला मांडणी बदलू नका. कासवांना जागा लक्षात राहतात. व्हिएन्ना आणि झुरिकच्या प्राणिसंग्रहालयांतल्या महाकाय कासवांपैकी काहींना शिकवलेलं काम नऊ वर्षांनीही आठवत होतं, असं २०१९ मध्ये संशोधकांनी मांडलं. धोंडूची गुहा, लादी आणि पाण्याची बशी जागच्या जागी राहू द्या. बदलायचं ते मधलं: एखादी फांदी फिरवा, बागेतला नवा दगड ठेवा, ट्रे या बाजूचा त्या बाजूला. दर रविवारी सगळं धुणंही थांबवा. विष्ठा आणि उरलेली पानं रोज उचलली की पुरे. मातीत बारीक किडे दिसू लागले तर घाबरू नका, ते सफाईच करतात.

मागची छोटी बाग आहे म्हणता, ती सोन्यासारखी आहे. मे ते सप्टेंबर उन्हाच्या दिवशी धोंडू बाहेर हवा. दक्षिणेकडे तोंड असलेल्या भिंतीशी फळ्यांचा चौकोन, फळ्या जमिनीत वीतभर गाडलेल्या, कारण तो कडेकडेने खणतो. वर जाळी, कोल्हे आणि मॅगपाय पक्षी दोघेही येतात. फळ्याच हव्यात, तारेचं कुंपण नको, नाहीतर काचेचीच गोष्ट पुन्हा. दोरीने बांधायचा तर विचारही नको. १९८४ मध्ये भूमध्य कासवांची व्यापारी आयात बंद होण्याआधी इथे आलेल्या किती तरी कासवांच्या कवचाला मागे भोक पाडलेलं दिसतं, दोरी ओवण्यासाठी. कवच हे जिवंत हाड आहे, त्याला दुखतं. शीतनिद्रेचं यंदा घरच्या घरी ठरवू नका. सरपटणाऱ्या प्राण्यांचा अनुभव असलेल्या व्हेटकडे ऑगस्टमध्येच जा, वजन आणि तब्येत पाहून ते सांगतील.

आणि नाशिकच्या नातेवाइकांनी फोटो बघून "आम्हालाही एक" म्हटलं तर आधीच सांगून ठेवा: तिकडे विकायला येतं ते चांदण्यांचं कासव रानातून पकडलेलं असतं. १९७२ च्या वन्यजीव कायद्याने ते बाळगणं गुन्हा आहे, आणि २०२२ च्या दुरुस्तीनंतर त्याला पहिल्या अनुसूचीचं संरक्षण आहे. तुमच्या धोंडूचेही कागद विकत घेताना मिळायला हवे होते. मिळाले नसतील तर दुकानदाराकडे मागा.

पेटी तयार झाल्यावर पहिले तीन-चार दिवस तो कदाचित मातीतून बाहेरच येणार नाही. उकरून काढू नका. मग एक दिवस सकाळी कडेकडेने पूर्ण फेरी मारेल, आणि दुसऱ्या दिवशी मधून. मुलीला पेटीचा नकाशा एका वहीत काढायला सांगा आणि रोज संध्याकाळी तो कुठे पुरून घेतो तिथे तारीख लिहायला. महिन्याभराने तो नकाशा मला पाठवा, मग दुसरी गुहा कुठे करायची ते आपण त्यावरून ठरवू.